जावाची चेसिस, येझदीचं इंजिन

चेसिस जुन्या बाजारातली, इंजिन कुठल्याशा गॅरेजच्या कोपऱ्यातलं, टाकी मित्राच्या माळ्यावरची. जोडली की झाली व्हिंटेज गाडी, असं नवशिक्याला वाटतं. ती व्हिंटेज होत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली आणि चेसिस-इंजिनात मोठा फेरफार न झालेली दुचाकीच व्हिंटेज ठरते. तिला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण त्यावर ती रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर.

'कागद मागाहून करू' हा गैरसमज त्याहून महाग पडतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. त्यामुळे आरसी नसलेली चेसिस फुकट मिळाली तरी घेऊ नये. आरसी असेल तर चेसिसवर ठोकलेला नंबर रंग खरवडून वाचावा. इंजिन बदलणार असाल तर खर्चात पडण्याआधी आरटीओत विचारावं.

जावा आणि येझदी एकच, हे बरंचसं खरं आहे. दोन्ही म्हैसूरच्या आयडियल जावाच्या. कारखाना 1961 ते 1996 चालला. बरेच पार्ट एकमेकींना बसतात, म्हणून पहिल्या गाडीसाठी हेच घराणं घ्यावं असं माझं मत. मात्र जुन्या जावाचं वायरिंग 6 व्होल्टचं. त्यावर नुसती 12 व्होल्टची बॅटरी चढवली की बल्ब उडतात, हॉर्न-कॉइल तापतात आणि डायनमो ती बॅटरी चार्ज करत नाही.

खरी गोची आट्यांची. जावाचे आटे मेट्रिक, जुन्या बुलेटचे इंचांचे. बुलेटचा पाच-सोळांश इंची बोल्ट 7.94 मिमी जाडीचा, म्हणजे 8 मिमीच्या भोकाला अगदी सख्खा वाटतो. पण त्याला इंचाला 26 आटे असतात आणि नेहमीच्या 8 मिमी बोल्टला सुमारे 20. दोन-तीन फेरे हाताने जातो, मग अडतो. इथे नवशिक्या पाना लावतो आणि अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे मारून टाकतो. मग लेथवाला, नवे आटे देणारी हेलिकॉइल, वाट पाहणं. आटे मोजायचा पिच गेज थोडक्या पैशांत मिळतो, तो आधी घ्यावा.

सुरू झालेली गाडी नीट चालत नसेल तर दोष कार्ब्युरेटरला देतात आणि जेट बदलत बसतात. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये दाबलं जातं. तिथली रबरी सील वर्षानुवर्षं पडून वाळलेली असतात. डायनमोच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन हवा ओढतं: आयडलिंगला रेस आपोआप चढते, इंजिन तापतं, शेवटी पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल जळून पांढरा धूर येतो आणि ऑइलची पातळी उतरते. दोन्ही सील बदलल्याशिवाय कार्ब्युरेटरला हात लावू नये.

आणि टाकी. 'रिकामी आहे, मारा वेल्डिंग' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. भरलेल्यापेक्षा रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा जास्त असते, आणि स्फोट त्याचाच होतो. टाकी आतून पूर्ण धुऊन, वाफ घालवून, हे काम नेहमी करणाऱ्याकडेच द्यावी.