आलापल्लीचा कारभार : १९५८ ते २०२५

आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील सागवानाचे आणि नाक्याचे गाव आहे. आष्टीकडून येणारा रस्ता येथून अहेरी, सिरोंचा, एटापल्ली आणि भामरागड अशा वाटांना फुटतो. वनविभागाची कार्यालये, लाकूड आगार, बाजारपेठ आणि दक्षिण गडचिरोलीची वाहतूक यांचा भार या गावावर आहे. कामे शहराची असली तरी कारभार मात्र ग्रामपंचायतीचा आहे. गेल्या साडेसहा दशकांत विधिमंडळाने स्थानिक स्वराज्याचे कायदे अनेकदा बदलले. त्यातून गावाच्या हाती अधिकार बरेच आले, पण ते चालवायला लागणारा पैसा आणि माणूसबळ त्या मानाने आले नाही.

१९५१ मध्ये जमीनदारी संपली, तोवर या भागावर अहेरीच्या जमीनदारांचा अंमल होता. ही चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यातली सर्वांत मोठी जमीनदारी होती. १९५६ मध्ये हा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावाला पंचायतीची चौकट दिली. १९६१ च्या अधिनियमानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद आणि पंचायत समिती सुरू झाल्या. तेव्हा जिल्हा परिषदेचे कार्यालय चंद्रपूरला होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी आलापल्लीहून जिल्ह्याचे ठिकाण शंभरावर किलोमीटर दूरच राहिले. पुढे अहेरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे आणि अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. स्वतंत्र अहेरी जिल्ह्याची मागणी मात्र अजून मागणीच आहे.

१९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अहेरी तालुका अनुसूचित क्षेत्रात धरला गेला. पुढच्या सगळ्या कायद्यांचा अर्थ या एका गोष्टीवर ठरतो. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. तिने नियमित निवडणुका, महिलांना एक तृतीयांश जागा आणि स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग यांची हमी दिली. अनुसूचित क्षेत्राला ती लागू करण्यासाठी संसदेने २४ डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा केला. त्यानुसार अशा गावांत सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असते आणि सदस्यांच्या किमान निम्म्या जागाही. महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचे आरक्षण ५० टक्क्यांवर नेले. पेसाचे नियम यायला मात्र मार्च २०१४ उजाडला, म्हणजे कायद्यानंतर सतरा वर्षे गेली.

या नियमांनी ग्रामसभेला पंचायतीच्या वरचे स्थान दिले. योजनांना मंजुरी, लाभार्थ्यांची निवड, खर्चाचा दाखला, गौण वनोपजाची मालकी आणि भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय ही कामे तिच्याकडे आली. त्याच वर्षी राज्यपालांच्या अधिसूचनेने आदिवासी उपयोजनेतील किमान ५ टक्के निधी पेसा ग्रामपंचायतींना थेट देण्याचे ठरले. कशावर खर्च करायचा ते ग्रामसभेने ठरवायचे, म्हणून याला अबंध निधी म्हणतात.

या अधिकाराचे सर्वांत ठळक रूप तेंदू हंगामात दिसते. ग्रामसभेपुढे दोन पर्याय असतात. पहिल्यात वनविभाग लिलाव करतो, दुसऱ्यात ग्रामसभा स्वतः. उन्हाळ्यात मजूर पाने तोडून ७० पानांचा एक पुडा बांधतात. पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून वाळवतात आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. ग्रामसभेने स्वतः विक्री केली तर मजुरी वजा जाता उरलेली रक्कमही गावाच्या ग्रामकोषात येते. पेसाखेरीज वनहक्क कायद्याखालीही याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये त्याच ग्रामसभेने बांबूचा वाहतूक परवाना हाती घेतला. छोट्या टोल्यावर सगळ्यांचे पोट जंगलावर असते, त्यामुळे अशी ग्रामसभा लवकर एकत्र येते. आलापल्लीसारख्या बाजारगावात व्यापारी, नोकरदार आणि रोजंदारी करणारे सगळे एकाच ग्रामसभेचे मतदार आहेत. तिथे एकमत घडवायला जास्त कष्ट पडतात, म्हणून ग्रामसभा नियमित भरणे तिथे अधिकच गरजेचे आहे.

 

पेसाचे नियम आले त्याच काळात राज्याने ठरवले की प्रत्येक तालुका मुख्यालयाला नगरपंचायत द्यायची. त्यानुसार २०१५ मध्ये अहेरी नगरपंचायत झाली. आलापल्ली तालुक्याचे ठिकाण नसल्याने ग्रामपंचायतच राहिले. कायद्यानुसार गावाची लोकसंख्या साडेसात हजारांवर कितीही गेली तरी ग्रामपंचायतीत सदस्य १७ च असतात, आणि नगरपंचायतीतही नगरसेवक १७. फरक पडतो तो यंत्रणेत. नगरपंचायतीला मुख्याधिकारी, अभियंते आणि नगरविकास खात्याचा निधी मिळतो. ग्रामपंचायतीची भिस्त घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार शुल्क आणि वित्त आयोगाच्या अनुदानावर असते. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात या अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता.

तरीही नगरपंचायत हे सरळ उत्तर ठरत नाही. संविधानाच्या २४३-झेडसी अनुच्छेदानुसार नगरपालिकांचा भाग अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू होत नाही. त्यासाठी संसदेने वेगळा कायदा करावा लागतो. तसे विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आले, पण मंजूर झाले नाही. त्यामुळे नगरपंचायत झालेल्या गावात पेसा ग्रामसभेच्या हक्कांचे पुढे काय, हा प्रश्न खुला आहे.

सरपंच निवडीच्या नियमातही स्थैर्य राहिले नाही. २०१७ मध्ये थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. पाच वर्षांत तीनदा पद्धत बदलली.

वरच्या पायरीवर तर लोकप्रतिनिधीच उरले नाहीत. २०१७ मध्ये निवडून आलेल्या गडचिरोली जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे राज्यभर निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला, नंतर ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवली. २०२५ अखेर गडचिरोलीत जिल्हा परिषदेचे सभागृह भरले नव्हते. रस्ता, शाळा किंवा आरोग्य उपकेंद्राचा प्रश्न तिथे मांडणारा सदस्यच पावणेचार वर्षे नव्हता.

सुरजागडच्या खाणीतील लोहखनिजाची जड वाहतूक आलापल्लीच्या रस्त्यावरून वाढली, ती याच काळात. २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात विधिमंडळाने गडचिरोली जिल्हा खनिकर्म प्राधिकरणाचे विधेयक संमत केले. मुख्यमंत्री या प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेत. खाणींचे निर्णय त्यामुळे एका ठिकाणी होतील, पण धूळ, अपघात आणि रस्त्यांची झीज गावाच्याच वाट्याला येते. पेसाने ग्रामसभेला दिलेला विचारविनिमयाचा हक्क या नव्या रचनेत टिकला पाहिजे. अनुसूचित क्षेत्रातील मोठ्या गावांसाठी वेगळा कायदा, ग्रामसभेचे अधिकार अबाधित ठेवून पुरेसे कर्मचारी आणि वेळेवर निवडणुका, या तीन गोष्टी आलापल्लीच्या कारभारात अजून व्हायच्या आहेत.