डोलकाठी उभी करताना

चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलेल्यांनी सासनकाठ्या पाहिल्या असतीलच. दोन-तीन मजली घराइतकी उंच काठी एक माणूस तोलून धरतो आणि चारी बाजूंना ताणलेले दोर, म्हणजे तोरण्या, इतरांच्या हातांत असतात. काठी कलली की विरुद्ध बाजूची तोरणी ताणतात. काठीचा भार पेलण्याचे काम एकाचे आणि ती पडू न देण्याचे काम अनेकांचे.

या विभागणीचा अर्थ आम्हांला कळंब्यात, एका घराच्या आवारात, थोडी किंमत मोजून कळला. शिडाची एक जुनी लहान होडी आम्ही तिघांनी मिळून दुरुस्त केली होती. मालवणच्या पाण्यात नेण्याआधी तिची डोलकाठी एकदा जमिनीवरच उभी करून पाहावी असे ठरले. काठी अ‍ॅल्युमिनियमच्या नळीची, ६ मीटर लांब, वजन अवघे १२ किलोग्रॅम. एवढे ओझे शाळकरी मुलगाही उचलेल! आम्ही तिचा बुंधा बिजागरीत बसवला, ती होडीच्या मागच्या बाजूला आडवी ठेवली आणि खांद्यावर घेऊन ढकलत निघालो. निम्मी उभी होते तोच तलावाकडून आडवा वारा आला आणि काठी बाजूला कलून कुंपणावर आदळली. कोणाला इजा झाली नाही, हे नशीब. बिजागरी मात्र पिळवटली.

मग आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ते आधीच करायला हवे होते.

वजन नव्हे, परिबल

काठी एकसारख्या जाडीची असल्याने तिचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून ३ मीटरवर येतो. काठी आडवी असताना वजनाचे बुंध्याभोवतीचे परिबल १२ × ३ = ३६ किलोग्रॅम-मीटर. काठी उचलायची तर उलट दिशेने एवढे परिबल द्यायला हवे. (सोयीसाठी आपण बल 'किलोग्रॅम वजनात'च मोजू.)

कोणालाही सुचणारा उपाय म्हणजे काठीला वर दोर बांधून तो होडीच्या नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून ओढणे. पण आडव्या काठीला बांधलेला दोर काठीच्याच रेषेत असतो. ओढीची रेषा बिजागरीतूनच जाते, बिजागरीपासून तिचे लंबांतर शून्य, म्हणून परिबलही शून्य. कितीही जोर लावा, काठी फक्त बिजागरीत रुतेल.

समजा, दोर बुंध्यापासून ३.६ मीटरवर बांधला आहे, नाळ बुंध्याच्या पुढे २ मीटरवर आहे आणि कोणीतरी काठी १० अंश उचलून धरली आहे. आता लंबांतर होते जेमतेम २२ सेंटिमीटर आणि दोरातला ताण सुमारे १५८ किलोग्रॅम! बारा किलोच्या काठीसाठी दोन माणसांच्या वजनाइतकी ओढ.

उभारकाठी

म्हणजे जोर वाढवायचा नाही, लंबांतर वाढवायचे. त्यासाठी दीड मीटर लांबीची दुसरी काठी डोलकाठीच्या बुंध्याशी काटकोनात बसवायची. तिला आपण उभारकाठी म्हणू. दर्यावर्दी तिला 'जिन पोल' म्हणतात. तिच्या शेंड्यापासून एक दोर डोलकाठीवर ३.६ मीटरच्या खुणेला बांधायचा. दुसरा दोर शेंड्यापासून नाळेकडे न्यायचा आणि तोच ओढायचा. डोलकाठी आडवी असते तेव्हा उभारकाठी उभी असते. डोलकाठी उठत जाते तशी उभारकाठी पुढे आडवी होत जाते.

आता हिशेब करू. उभारकाठीची उंची १.५ मीटर, नाळ २ मीटरवर, म्हणून ओढदोराची लांबी २.५ मीटर. हा आपल्या ओळखीचा ३-४-५ चा काटकोन त्रिकोण. बिजागरीपासून दोराचे लंबांतर १.५ × २ ÷ २.५ = १.२ मीटर. म्हणून ताण ३६ ÷ १.२ = ३० किलोग्रॅम. पुढे काय होते पाहा :

काठी ३० अंशांवर : सुमारे २२ किलोग्रॅम
४५ अंशांवर : १७ किलोग्रॅम
६० अंशांवर : १२ किलोग्रॅम

सगळ्यात जड क्षण पहिलाच, आणि तोही आवाक्यातला. नाळेवर दुहेरी कप्पी आणि उभारकाठीच्या शेंड्याला एकेरी कप्पी लावून, दोराचे टोक एकेरी कप्पीच्या कडीला बांधले, तर भार तीन पदरांत वाटला जातो. मग हाताला लागतात १० किलोग्रॅम. कप्प्यांचे घर्षण धरून १२-१३ म्हणा.

फुकट मात्र काही मिळत नाही. काठी उभी होईपर्यंत शेंडा आणि नाळ यांतले अंतर २.५ मीटरवरून ०.५ मीटरवर येते, म्हणजे २ मीटरने कमी होते. तीन पदर असल्याने आपल्या हातातून ६ मीटर दोर जातो. काठीचा गुरुत्वमध्य ३ मीटर वर चढला, कार्य झाले ३६ किलोग्रॅम-मीटर. ते ६ मीटरवर वाटले, तर सरासरी ओढ ६ किलोग्रॅम. कार्य तेवढेच राहिले, ते हप्त्याहप्त्याने केले एवढेच.

उभारकाठीला दीड मीटरचा भरीव वेळू किंवा पाण्याच्या लोखंडी पाइपचा तुकडा चालतो. ताणांचा हिशेब केला तर तिच्यावर दाब येतो सुमारे २८ किलोग्रॅम, आणि तोही लांबीच्या दिशेने. बाकी दोन कप्प्या, नायलॉनचा दोर आणि चार कड्या. हे सगळे कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'ने २००९-१० साली दिलीप दोंदे यांना एकट्याने जगप्रदक्षिणा घडवली. तिच्या सुमारे २५ मीटरच्या डोलकाठीसारख्या कामाला क्रेनच हवी. आपल्या होडीला एक वेळू पुरतो.

काठी बाजूला का पडते?

आमची काठी मागे पडली नव्हती, बाजूला पडली होती. होडीला दोन्ही अंगांना कायमचे बाजूदोर होतेच, मग त्यांनी तिला का धरले नाही? कारण त्यांची खालची टोके बिजागरीच्या रेषेत नव्हती, २५ सेंटिमीटर मागे होती. काठी मागे झोपली की ती या टोकांच्या जवळ येते. काठीवर ५ मीटरवर बांधलेला दोर अशा वेळी जवळजवळ पाव मीटर सैल पडतो. काठी पूर्ण उभी झाल्यावर तो घट्ट होतो, म्हणजे धोका टळल्यावर!

उपाय दाराच्या बिजागरीत दडलेला आहे. दार उघडा-मिटा, बिजागरीच्या रेषेवरच्या कोणत्याही बिंदूपासून दाराच्या कडेचे अंतर बदलत नाही. म्हणून उभारणीपुरते दोन वेगळे बाजूदोर घ्यावेत आणि त्यांची खालची टोके होडीच्या दोन्ही कडांना, बिजागरीच्या आसाच्याच सरळ रेषेत आणि त्याच उंचीवर बांधावीत. बिजागरी कडेपेक्षा वर असेल, तर तेवढ्या उंचीच्या कड्या बसवाव्यात. असे दोर पहिल्या अंशापासून नव्वदाव्या अंशापर्यंत सारखेच ताठ राहतात. उभारकाठीच्या शेंड्यालाही असेच दोन दोर हवेत. नाहीतर दोन वासे कैचीसारखे बांधून त्यांचे पाय याच रेषेवर टेकवावेत. जोतिब्याच्या तोरण्या माणसे सतत कमीजास्त ताणतात. येथे ते काम भूमितीकडे सोपवायचे.

वर्गात करून पाहा

६० सेंटिमीटरची, १२० ग्रॅमची लाकडी पट्टी घ्या. १५ सेंटिमीटरची उभारकाठी आणि २० सेंटिमीटरवर नाळ ठेवा. ताणकाट्याने ओढल्यास सुरुवातीला सुमारे ३०० ग्रॅम दिसायला हवेत. मग बाजूदोर आधी आसाच्या रेषेत आणि नंतर थोडे मागे बांधा, आणि पट्टी बोटाने हळूच बाजूला ढकला. फरक मुलांना सांगावा लागणार नाही.

खरी काठी उभारताना तीन गोष्टी पाळाव्यात. वर आणि आजूबाजूला विजेच्या तारा नाहीत हे आधी पाहावे, कारण अ‍ॅल्युमिनियमची काठी वीज वाहून नेते. काठी पडू शकेल त्या जागेत कोणी उभे राहू नये. आणि काठी उभी होत आली की ओढदोराचे लंबांतर पुन्हा शून्याकडे जाते. तेव्हा एकाने मागचा दोर धरून ठेवावा आणि पुढचा कायमचा दोर खिळीने पक्का झाल्यावरच ओढदोर सोडावा.

नवी बिजागरी बसवून आम्ही काठी पुन्हा उभारली. या वेळी ओढायला एकच जण होता. मधेच वारा आला, म्हणून त्याने दोर खुंटीला गुंडाळला आणि सारे थांबलो. काठी ४५ अंशांवर तशीच राहिली, जराही न कलता. वारा पडल्यावर उरलेले काम एका मिनिटात झाले.