सावधगिरी कोणती, विटाळ कोणता?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणारी बाई बोटांच्या बळावर पोट भरते. पऱ्हाटीच्या बोंडाचे टोक टोचले की ती हात मागे घेते. कुष्ठरोगाने मज्जातंतू बधिर झाले, तर टोचलेले कळत नाही आणि चुलीचा चटकाही समजत नाही. मग जखम चिघळते आणि बोटे झिजतात. रोग वेळीच ओळखला तर ही विकृती बहुधा टळते. तरीही ती होते, कारण अंगावरचा बधिर चट्टा माणूस लुगड्याच्या पदराआड किंवा सदऱ्याच्या बाहीखाली लपवतो. त्याला रोगाहून लोकांचे भय अधिक असते. म्हणजे भेदभावाने केवळ मन दुखावते असे नव्हे, तर रोगाला वाढण्यास सवड मिळते.

ह्या रोगाचा जंतू हान्सेन ह्यांनी १८७३ साली शोधला. तो पसरतो तो मुख्यतः उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ व निकट सहवासाने. हात मिळवल्याने किंवा एका पंगतीत जेवल्याने नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली अनेक औषधांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. सरकारी दवाखान्यात तो विनामूल्य मिळतो, आणि रोगाच्या प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिन्यांत पुरा होतो.

मग दवाखान्यातला भेदभाव ओळखावा कसा? कसोटी सोपी आहे. प्रत्येकाची जखम धुताना परिचारिका हातमोजे घालत असेल, तर ती सावधगिरी. एकट्या कुष्ठरुग्णाची नाडीसुद्धा हात न लावता पाहिली जात असेल, तर तो विटाळ. गोळ्या दुरून टाकणे, रोगाचे नाव चारचौघांत पुकारणे, रांगेत शेवटी बसवणे, तपासल्याविना दुसऱ्या गावी धाडणे, ही सारी त्याच विटाळाची रूपे होत. पुष्कळदा ती दुष्टाव्यापेक्षा अंगवळणी पडलेल्या सवयीतून येतात. म्हणूनच ती करणाऱ्याच्याही ध्यानात येत नाहीत.

तेव्हा प्रथम शांतपणे विचारावे, "ही पद्धत सर्वांना आहे की ह्यांनाच?" ह्या प्रश्नानेच कित्येकदा काम होते. न झाल्यास दिवस, वेळ आणि घडलेली गोष्ट लिहून वैद्यकीय अधिकाऱ्याकडे द्यावी व पोच घ्यावी. रुग्णाच्या संमतीवाचून मात्र त्याचे नाव पुढे करू नये. नाहीतर मदत हीच नवी बदनामी ठरेल.

कायदाही बदलला आहे. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा २०१६ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींनाही संरक्षण दिले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, तेही २०१९ साली विवाहविषयक कायद्यांतून वगळण्यात आले.

वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण ह्यांनी १९३६ साली कुष्ठधाम उभारले. वणीहून वर्धा नदी ओलांडली की वरोऱ्याला बाबा आमटे ह्यांचे आनंदवन आहे. गावाने ज्यांना बाहेर काढले, त्यांना ह्या संस्थांनी घर दिले. त्यांचा गौरव आपण करतो, तो योग्यच आहे. परंतु गावाने कोणाला बाहेर काढलेच नाही, तर त्या थोर माणसांचे काम खऱ्या अर्थाने पुरे होईल. ते मात्र आपल्याच हाती आहे.