निरगाठ

मुंबई बंदरातली ती शिडांची शर्यत जिंकायचीच, असा आम्ही चंग बांधला होता. खलाशी कोण? तर मी, माझे मेहुणे नि शेजारचे मास्तर!

सकाळचा मतलई वारा दुपारी पडला. शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. ओहोटी होडीला प्राँग्सच्या दीपगृहाकडे ओढू लागली. कंटाळून मेहुण्यांनी शिडाची दोरी निरगाठीने बांधून टाकली. इतक्यात तापलेल्या जमिनीकडे निघालेला खारा वारा वायव्येकडून आदळला. होडी कलंडली, पाणी आत आले.

"भाऊजी, दोरी सोडा!"

ताणलेली गाठ सुटेना. मास्तरांनी चाकूने दोरी कापली; शिडातला वारा निसटला नि होडी सावरली.

नंबर शेवटून पहिला! वाचकहो, मेहुणे आता बुटाची नाडीसुद्धा सुरगाठीनेच बांधतात.