पडद्यावरची उडी

राजी नावाची एक मुलगी आहे. असुरांनी पळवून नेलेला आपला धाकटा भाऊ गोलू याला ती शोधत निघते. वाटेत ती भिंती चढते, दऱ्या ओलांडते, हाती त्रिशूळ घेऊन लढते. पण तिची प्रत्येक हालचाल तुमच्या बोटांवर अवलंबून असते, कारण राजी ही ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या व्हिडिओ खेळाची नायिका आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा गटाने हा खेळ तयार केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न अपुरा पडला; तरी काम सुरूच राहिले आणि २०२० साली खेळ बाहेर आला. असे छोटे गट स्वतःच्या हिमतीवर जे खेळ रचतात, त्यांना स्वतंत्र खेळ म्हणतात.

अशा साहसी खेळात तुम्ही बटण दाबता आणि पात्र उडी मारते. वर जाते, क्षणभर थांबल्यासारखे वाटते आणि खाली येते. आता प्रश्न असा की, काचेच्या पडद्याला गुरुत्वाकर्षण कोठून आले? पात्राला खाली कोण ओढते?

उत्तर सोपे आहे. कोणीच ओढत नाही. सगळा हिशेब असतो!

चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून सरकतात व आपल्याला हालचाल भासते. व्हिडिओ खेळातही तसेच होते. तेथे बहुधा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे असतात. मात्र चित्रपटातील चित्रे आधीच घेतलेली असतात. खेळातील चित्र त्या त्या क्षणी काढावे लागते, कारण तुम्ही बटण केव्हा दाबाल हे संगणकाला ठाऊक नसते. म्हणून तो काळाचे बारीक तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात दोन गोष्टी मोजतो : नवा वेग किती आणि नवी उंची किती.

हा हिशेब वहीत करून पाहू. समजा, पात्र सेकंदाला ५ मीटर वेगाने वर उडाले. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० धरू. काळाचा तुकडा ०.१ सेकंदाचा घेऊ. प्रत्येक तुकड्यात वेग १ ने घटेल : ४, ३, २, १, ०. या वेगांना ०.१ ने गुणले की त्या त्या तुकड्यात पात्र किती वर गेले ते मिळते : ०.४, ०.३, ०.२, ०.१ आणि ०. बेरीज झाली १ मीटर.

पण थांबा. नववीच्या पुस्तकातील सूत्राने वेगाच्या वर्गाला गुरुत्वत्वरणाच्या दुपटीने भागा. २५ भागिले २०, म्हणजे १.२५ मीटर. पाव मीटर गेला कोठे?

प्रत्यक्षात वेग सतत घटत असतो. आपण मात्र प्रत्येक तुकड्याच्या शेवटचा, म्हणजे सर्वांत कमी वेग पूर्ण तुकड्यासाठी धरला. त्यामुळे उंची कमी भरली. तुकडा लहान केला की चूकही लहान होते. पुष्कळ खेळांत हीच हिशेबाची रीत वापरतात.

आता यातील अडचण पाहा. समजा, गडचिरोलीच्या एका शाळेतील नवा संगणक सेकंदाला ६० चित्रे काढतो आणि चंद्रपूरच्या एका घरातील जुना संगणक ३०. दर चित्राला एकदाच हिशेब केला, तर पहिल्यावर उडी सुमारे १.२१ मीटर भरते आणि दुसऱ्यावर सुमारे १.१७ मीटर. वाटेत १.२ मीटर उंचीचा कट्टा असेल तर? गडचिरोलीची मुलगी वर पोचेल. चंद्रपूरचा मुलगा तितकाच कुशल असूनही दर वेळी खाली पडेल आणि दोष स्वतःच्या बोटांना देईल!

यावर उपाय असा : चित्र काढणे आणि हिशेब करणे ही कामे वेगळी ठेवायची. काळाचा तुकडा सर्वत्र सारखा, उदाहरणार्थ सेकंदाचा साठावा भाग. जुना संगणक एक चित्र काढण्यापूर्वी हिशेब दोनदा करील. चित्रे कमी दिसतील, पण उडी दोघांची सारखीच भरेल.

खेळ रचणाऱ्याला आणखी एक मुभा असते : गुरुत्वत्वरण तो स्वतः ठरवतो. १.२५ मीटरची खरी उडी संपायला सुमारे एक सेकंद लागतो. पडद्यावर ती संथ वाटते. म्हणून पुष्कळदा गुरुत्वत्वरण वाढवतात. ते दुप्पट करून उंची तेवढीच ठेवली, तर उडी सुमारे ०.७ सेकंदात संपते.

काही खेळांत तर पात्राला हवेतच दिशा बदलता येते. ताडोबाच्या जंगलात ऐनाच्या फांदीवरून मोहाच्या झाडाकडे झेपावणारे वानर आठवा. फांदी सुटली की त्याच्या गुरुत्वमध्याचा मार्ग ठरून जातो. हवेचा किरकोळ विरोध सोडला, तर हातपाय किंवा शेपटी हलवून तो मार्ग बदलत नाही. म्हणून वानराला अंदाज आधीच घ्यावा लागतो. पडद्यावरच्या नायकाला ही सक्ती नाही, कारण त्याचे नियम माणसाने लिहिलेले असतात.

आता तुमच्यासाठी काम. संगणक नसला तरी चालेल; आलेख कागद व पेन्सिल पुरे. वरचाच हिशेब प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीचा वेग घेऊन करा. उंची १.५ मीटर येईल. मग सुरुवातीच्या व शेवटच्या वेगांची सरासरी घेऊन करा. उत्तर बरोबर १.२५ मीटर का येते, याचा शोध घ्या आणि वर्गात शिक्षकांना सांगा. ज्याला ही उडी कागदावर जमली, त्याला खेळ रचण्याची पहिली पायरी जमली म्हणून समजा.