खडीचा कस, काँक्रीटचा दम

काळी खडी दिसायला दणकट असते, पण प्रयोगशाळा दिसण्यावर जात नाही. आघात चाचणीच्या यंत्रात सुमारे 14 किलोचा हातोडा 380 मिलिमीटरवरून 15 वेळा खडीवर आदळतो. मग 2.36 मिलिमीटरच्या चाळणीतून खाली पडलेला चुरा तोलतात. रस्त्याच्या पृष्ठभागासाठी तो 30 टक्क्यांच्या आत हवा.

खरी गंमत काँक्रीटच्या क्यूबची! 150 मिलिमीटरचा ठोकळा 28 दिवसांचा होईपर्यंत पाण्यात मुरतो, मग दाबयंत्रात जातो. 25 न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताण सोसायचा, म्हणजे एकट्या ठोकळ्यावर साधारण 57 टन भार. तो बेताबेतानेच वाढवायचा. घाई केली की आकडा फुगतो.

साइटवर मात्र ओलं काँक्रीट भरलेला साधा स्लंप कोन. तो उचलताच काँक्रीट किती खचलं, ते पट्टीने मोजायचं. मिश्रणात कुणी गुपचूप पाणी वाढवलं असेल, तर बहुधा इथेच पकडलं जातं.