द्राक्षवेल स्वतःचं सनस्क्रीन कसं बनवते?

गेल्या फेब्रुवारीत मी निफाडजवळ मामाच्या द्राक्षबागेत गेलो होतो. स्टेटसला टाकायला एक झकास फोटो हवा होता, पण घडासमोर पानं येत होती. मी सरळ पाच-सहा पानं तोडली, फोटो काढला आणि विसरून गेलो. आठवड्याभरात मामाने त्याच घडाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. उन्हाकडच्या बाजूचे मणी तपकिरी पडून सुकले होते. खाली एकच ओळ: "भाचेबुवा, सावलीतला घड असा एकदम उघडा पाडायचा नसतो."

गंमत म्हणजे शेजारचा घड पहिल्यापासून उन्हातच होता, आणि तो ठणठणीत होता. ऊन तेच, जात तीच. मग फरक कसला? उत्तराचा मोठा भाग जनुकांमध्ये आहे. चला, समजून घेऊया.

आधी यूव्ही म्हणजे काय?

तुमच्या वेदर अ‍ॅपमध्ये 'यूव्ही इंडेक्स' दिसतो ना, तेच हे सूर्याचे अतिनील किरण. त्यातले २८० ते ३१५ नॅनोमीटरचे किरण म्हणजे यूव्ही-बी. ते जास्त झाले की पेशीतल्या डीएनएला इजा करतात. आपण टोपी घालतो, सावलीत जातो. वेल जागची हलू शकत नाही.

वेलीचा सेन्सर

फोनमध्ये उजेड ओळखून स्क्रीन कमी-जास्त करणारा सेन्सर असतो. वनस्पतींच्या पेशीत तसंच काम यूव्हीआर८ नावाचं प्रोटीन करतं. ते यूव्ही-बी टिपतं, हे २०११ मध्ये अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात सिद्ध झालं. द्राक्षवेलीत त्याचंच भावंड आहे, त्याला यूव्हीआर१ म्हणतात.

हे प्रोटीन एरवी जोडीने राहतं. यूव्ही-बी पडलं की जोडी सुटते आणि पुढची साखळी सुरू होते:

१. सुटं झालेलं प्रोटीन कॉप१ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला पकडून ठेवतं.
२. कॉप१चं नेहमीचं काम म्हणजे एचवाय५ या प्रोटीनची विल्हेवाट लावणं. तेच अडकल्यामुळे एचवाय५ वाचतं आणि साठत जातं.
३. एचवाय५ डीएनएवर जाऊन बसतं आणि गरजेची जनुकं 'ऑन' करतं. द्राक्षात त्यातून एमवायबीएफ१ हे जनुक जागं होतं.
४. त्याच्या हुकमावरून फ्लॅवोनॉल नावाची रसायनं तयार होऊन मण्याच्या सालीत साठतात.

हेच वेलीचं सनस्क्रीन! फ्लॅवोनॉल यूव्ही शोषून घेतं, पण पानाला अन्न बनवायला लागणारा उजेड आत येऊ देतं. थॉमसनसारख्या हिरव्या द्राक्षात लाल रंगाचं जनुक बंद पडलेलं असतं, तरी फ्लॅवोनॉलची ही यंत्रणा चालूच असते. ऊन कमी झालं की प्रोटीनची जोडी पुन्हा जुळते आणि ऑर्डर थांबते. उगाच माल बनवत बसायला वेलीकडेही फुकटची ऊर्जा नाही.

मग माझा घड का करपला?

कारण हे सनस्क्रीन तयार नसतं, ऑर्डर आल्यावर बनतं. जनुकं काही तासांत जागी होतात, पण सालीत पुरेसा साठा व्हायला दिवस लागतात. शेजारच्या घडाला मणी लहान असल्यापासून ऊन मिळत होतं, त्याची तयारी झालेली होती. माझा घड पानांच्या आड वाढला होता. मी एका दुपारी त्याची छत्रीच काढून घेतली. अर्थात दोष एकट्या यूव्हीचा नाही. मणी करपण्यात उष्णतेचा वाटा मोठा असतो, आणि पानांची सावली दोन्हीपासून वाचवते.

म्हणूनच जाणते बागायतदार पानांची विरळणी मणी लहान असतानाच करतात, तीही बेताने. शक्यतो सकाळचं कोवळं ऊन येतं त्या बाजूने. दुपारनंतरच्या कडक उन्हाच्या बाजूची पानं ते राखून ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली ही रीत आता प्रोटीनच्या भाषेतही समजते, एवढंच.

आणि तुम्ही बागेत फोटो काढायला गेलात, तर पान तोडू नका. एका हाताने बाजूला धरा, क्लिक करा, सोडून द्या. मी आता तसंच करतो. मामाचं लक्ष असतं!